हाकेची होडी

फार पूर्वीची गोष्ट आहे. इतकी पूर्वीची, की तेव्हा माणसं भांडायचीसुद्धा सवडीनं. एक खाडी होती. तिच्या एका काठाला मावळतवाडी आणि दुसऱ्या काठाला उगवतवाडी. मावळतवाडी समुद्राच्या अंगाला, तिथं कोळी राहत. उगवतवाडी डोंगराच्या अंगाला, तिथं शेतकरी राहत. एकांकडे मासळी, दुसऱ्यांकडे तांदूळ आणि भाजी. त्यामुळे एकमेकांवाचून कुणाचंच ताट पुरं होत नसे.

ये-जा करायला दोन्ही वाड्यांत मिळून एकच होडी होती. लाकूड उगवतवाडीनं दिलं होतं, बांधली मावळतवाडीनं. तिला सगळे हाकेची होडी म्हणत. होडी पलीकडे असली, की अलीकडच्या माणसानं काठावर उभं राहून हाक मारायची, आणि पलीकडे जो ऐकेल त्यानं हातातलं काम टाकून होडी घेऊन यायचं. मग तो जेवत असो की दाढी करत असो. अर्धी दाढी झालेली माणसं होडी वल्हवताना दिसत आणि त्याचं कुणाला हसू येत नसे. हाक ऐकून बसून राहणं हा दोन्ही काठांवर मोठा गुन्हा होता.

मावळतवाडीत एक आत्या राहत असे. ती खरं तर एकाच घरची आत्या, पण तिला सगळी वाडी आत्याच म्हणे. लग्न झालं आणि थोड्याच वर्षांत कपाळ पांढरं झालं, म्हणून ती माहेरी परतली होती. पुढे भावजय गेली तेव्हा पाळण्यातली भाची मैना आत्यानंच पोटाशी धरून वाढवली. आत्याचं मन मोठं होतं, हात सढळ होता, आणि आवाज तर असा खणखणीत, की तिनं आपल्या घरच्या पोराला जेवायला हाक मारली, तर शेजारच्या चार घरची पोरंसुद्धा निमूट पाटावर येऊन बसत. कुणाला घाईनं पलीकडे जायचं असलं, की तो आधी आत्याच्या दारात यायचा. "आत्या, एक हाक मारा ना." आत्या पदर खोचून काठावर जायची आणि हाक मारायची. या गोष्टीचा तिला अभिमान होता, आणि का नसावा?

मैना मोठी झाली आणि उगवतवाडीत दिली. सासरा म्हणजे त्या काठाचा वडीलधारा माणूस, आबा. स्वभावानं थोडा कडक, पण सरळ. आत्या आणि आबा विहीण-व्याही झाले, आणि काही दिवस सगळं छान चाललं.

मग एका सकाळी आत्या मासळीची पाटी घेऊन काठावर आली. होडी पलीकडे होती. आबा होडीच्या कडेवर बसून विडी ओढत होते. आत्यानं हाक मारली. आबा हलले नाहीत. तिनं पुन्हा मारली, मग पुन्हा, अगदी घसा ताणून. आबांनी विडी संपवली, खोकले, उठले आणि घराकडे चालू लागले.

बरं, तो खोकला आत्याला या काठावर अगदी स्वच्छ ऐकू आला होता. तिच्या डोक्यात तिडीक गेली ती त्यामुळेच. ऊन चढलं, मासळी उतरली, आणि आत्या पाटी घेऊन घरी परत आली.

"ह्यांचा खोकला मला ऐकू येतो आणि माझी हाक ह्यांना ऐकू येत नाही?" ती अंगणात जमलेल्या बायकांना म्हणाली. "अगं, ऐकू येत नाही असं नाही. त्यांना ऐकायचं नाही!"

हे वाक्य त्या दिवशी वाडीभर फिरलं, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाला त्याचा दाखला सापडू लागला. उगवतवाडीकडून होडी उशिरा आली, की लोक म्हणत, "मुद्दाम." लवकर आली, की म्हणत, "आज काहीतरी काम दिसतंय आपल्याकडे." वल्हवणारा गप्प असला तर शिष्ट, बोलला तर लबाड. बिचाऱ्यानं करावं तरी काय? आणि मावळतवाडीचाच काशीराम कधी हाकेला उशिरा उठला, तर आत्या स्वतः म्हणायची, "जाळं विणत असेल पोरगं. त्याचं ध्यान नसतं."

पलीकडेही हेच चाललं होतं. उगवतवाडीचे लोक दुपारी भाजीच्या टोपल्या घेऊन हाका मारत, आणि मावळतवाडीत कुणी मान वर करत नसे. या काठावरचं हसणं-खिदळणं मात्र त्यांना तिकडे शब्दासकट ऐकू जाई. "आपल्यालाच हसतायत," असं ते म्हणत. त्यांनाही आपल्या म्हणण्याचे दाखले हवे तेवढे मिळत होते.

भांडण वाढलं. आधी बोलणं थांबलं, मग देणंघेणं. शेवटी दोन्हीकडच्या पंचांनी ठरवलं, की होडीच नको. सामाईक आहे ना? मग मधोमध कापायची, अर्धी तुम्ही घ्या, अर्धी आम्ही घेतो. अर्ध्या होडीचं करायचं काय, हे कुणी कुणाला विचारलं नाही. दिवस ठरला. होडी तेव्हा मावळतवाडीच्या काठाला होती, तिला साखळी घातली. सुतारानं गेरूनं मधोमध रेघसुद्धा ओढून ठेवली. आणि तोवर पलीकडून कितीही हाका आल्या तरी कुणी उठायचं नाही, असा ठराव झाला. हा ठराव मांडला कुणी? आत्यानं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्या बोलली म्हणजे ते रास्तच असणार, असं वाडी धरून चालत असे.

पण रागाच्या भरात आत्या एक गोष्ट विसरली होती. मैनाला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं. सातव्यात आणायची ती पोर नववा लागला तरी सासरीच होती. सुईण काय ती मावळतवाडीत, आणि मैनाला लहानपणापासून ओळखणारी. उगवतवाडीला सुईणच नव्हती. एकदा होडी कापली, की मधे उरणार ती नुसती खाडी.

आत्याला रात्र-रात्र झोप येईना. पण साखळी काढा म्हणायचं कोणत्या तोंडानं? ठराव तर तिचाच. शेवटी होडी कापायच्या आदल्या दिवशी, वाडी जागी व्हायच्या आत, तिनं भाकरी फडक्यात बांधली आणि खाडीच्या टोकाला वळसा घालून डोंगरातल्या पायवाटेनं निघाली. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर विचारल्यासारखं झालं असतं. जाताना तिनं मनाशी हिशेब केला होता: 'मैनाला एवढं चालवणार नाही. येताना तिकडच्या काठावरून मी हाक मारीन. आपली माणसं माझा आवाज ओळखतील आणि होडी आणतील. माझ्यासाठी आणायला काय हरकत आहे?' ठराव दुसऱ्यांसाठी असतो, असं ठराव मांडणाऱ्याला नेहमीच वाटतं.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा ती आबांच्या अंगणात पोचली. आबांनी पाय धुवायला पाणी दिलं, पाहुण्यांच्या रिवाजाप्रमाणे आतून गूळ मागवला. गुळाचा खडा चांगला मोठा होता. आत्या मनात म्हणाली, 'मिरवतायत.' लहान असता तर 'चिकट' म्हणाली असती.

"विहीणबाई, एवढं उन्हाचं चालत आलात?" आबांनी विचारलं.

"होडी आमच्याकडे अडकलीय," आत्या तुटकपणे म्हणाली. "पोरीला न्यायला आलेय."

मैनाला बघून मात्र तिचं काळीज हललं. पावलं सुजलेली, डोळ्यांखाली काळं. पोर आत्याच्या गळ्यात पडली. "मला वाटलं तू येतच नाहीस," एवढंच बोलली. आत्याला रडू आलं, आणि त्या रडण्याचाही राग आला.

दुपारी सगळे काठावर आले. आबांनी स्वतः मैनासाठी चटई अंथरली, पाण्याचा तांब्या आणला आणि झाडाच्या सावलीत बाजूला बसले. समोर, पलीकडच्या काठावर, साखळीत बांधलेली होडी दिसत होती. होडीशेजारी एक माणूस जाळं विणत बसला होता. इतक्या लांबून चेहरा ओळखू येत नव्हता, पण तो गात होता, आणि ते गाणं इकडे स्वच्छ ऐकू येत होतं.

"काशीरामच आहे," आत्या खुशीत म्हणाली. "आता बघ, कशी होडी येते."

तिनं पदर खोचला, छातीत श्वास भरला आणि हाक मारली. "काशीराऽऽऽम! होडी आण रेऽऽऽ!"

काशीराम गातच राहिला.

तिनं पुन्हा हाक मारली. त्या हाकेनं सावलीतली वासरंसुद्धा उभी राहिली. काशीराम गातच राहिला. मग मैनानं उठून हात हलवला. तेव्हा काशीरामनं मान वर केली, या काठाकडे नीट बघितलं, आणि पुन्हा मान खाली घालून जाळं विणू लागला.

आबा हसले. ते हसणं काही चांगलं नव्हतं. "बघितलंत? ऐकतात, बघतात, आणि बसून राहतात. मावळतवाडीची माणसंच तशी."

आत्या कडाडली. "तशी म्हणजे कशी हो? गातोय तो! गाणाऱ्याला ऐकू येतं होय?"

"त्यानं बघितलं."

"त्याची नजर अधू आहे लहानपणापासून. आणि जाळं विणताना माणसाचं ध्यान नसतं. आणि वारा बघा की! खारा वारा सुटलाय, समोरून नुसता तोंडावर येतोय. माझी हाक जाते कुठं, मागं तुमच्या डोंगरात जातेय. त्या बिचाऱ्याला कसं…"

आणि आत्या थांबली.

तोंड उघडंच राहिलं तिचं. मैनाला वाटलं, उन्हानं घेरी आली. ती तांब्या घेऊन उठू लागली. पण आत्याला घेरी आली नव्हती. तिला एक सकाळ दिसत होती: मासळीची पाटी, पलीकडे विडी ओढणारा माणूस, आणि तोंडावर येणारा वारा. सकाळी डोंगराकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा. आबांचा खोकला त्यानंच तिच्यापर्यंत आणला होता, आणि तिची हाक त्यानंच मागं ढकलली होती.

आता बघा, वाऱ्याची ही गंमत आत्याला काही नव्यानं कळलेली नव्हती. ती कोळ्याची पोर. सकाळी मतलई आणि दुपारी खारा, हे तिला बोलायला यायच्या आधी कळत होतं. त्या वाऱ्यावर तिच्या सात पिढ्यांनी शिडं सोडली होती. पण काशीरामसाठी तो वारा तिला क्षणात आठवला, आणि आबांसाठी इतक्या दिवसांत एकदाही आठवला नाही. काशीरामची नजर अधू आहे, काशीराम गातोय, काशीरामचं ध्यान नाही. एका माणसासाठी एवढ्या सबबी तिनं एका श्वासात शोधल्या. दुसऱ्यासाठी एकही शोधली नव्हती. नुसतं म्हणाली होती, त्यांना ऐकायचं नाही.

ती हळूच चटईवर बसली.

"आबा," ती म्हणाली, "पावसाळा सरला तेव्हा एका सकाळी तुम्ही होडीच्या कडेवर विडी ओढत बसला होतात. मी पाटी घेऊन हाका मारत होते. ऐकल्या होत्यात?"

आबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कुठली सकाळ?"

त्यांना आठवतच नव्हती. जिच्यापायी दोन वाड्यांची तोंडं फिरली होती, ती सकाळ आबांच्या लेखी नुसती एक विडी ओढण्यापुरती होती. आत्याला हसावं की रडावं कळेना.

"मतलई होती तेव्हा," ती म्हणाली. "मी वाऱ्याच्या तोंडावर हाका मारत होते."

आबांनी डोंगराकडे मान वळवून बघितलं. मग म्हणाले, "आणि आम्ही दुपारी मारतो. ह्या असल्या खाऱ्या वाऱ्यात."

"हो."

"आणि तुमच्याकडचं हसणं आम्हाला ऐकू येतं."

"येणारच. वारा तुमच्याकडे येतोय की." ती म्हणाली. "आम्ही लग्नाच्या गोष्टींवर हसतो हो. तुमच्यावर हसायला आम्हाला सवड कुठं आहे?"

आबांच्या ओठांवर हसू आलं, पण लगेच ते म्हणाले, "ते सगळं खरं. पण विहीणबाई, वाऱ्यावर किती घालाल? तुमच्या काशीरामनं आत्ता आम्हाला डोळ्यांनी बघितलं आणि मान खाली घातली. ते वाऱ्यानं नाही केलं."

"नाही," आत्या म्हणाली. "ते मी शिकवलं."

असं बोलायला छाती लागते. व्याह्यासमोर, भाचीसमोर, परक्या काठावर बसून, ज्याच्यावर इतके दिवस तोंडसुख घेतलं त्याच्याच तोंडावर 'चूक माझी' म्हणायचं. भलेभले तिथं वारा, नशीब, कलियुग काय काय पुढं करतात. आत्यानं काहीच पुढं केलं नाही. आबांनी उठून तिला तांब्यातलं पाणी दिलं, आणि ती ते मुकाट प्यायली.

दिवेलागणीला वारा पडला. खाडीचं पाणी संथ झालं. आत्याचा घसा एव्हाना बसत आला होता, तरी तिनं उरलासुरला जीव गोळा करून एक हाक मारली. यावेळी काशीराम ताडकन उठला. साखळी सोडायला त्याला क्षण लागला नाही. होडी काठाला लागायच्या आत त्यानं पाण्यात उडी टाकली.

"आत्या! तू होतीस? अगं, मला वाटलं, त्यांच्यातलंच कुणीतरी आहे!"

"त्यांच्यातलं कुणी असतं तर?"

"तर बसलं असतं ताटकळत!" काशीराम बोलून गेला. मग त्याची नजर चटईवरच्या मैनावर आणि तिच्या सुजलेल्या पावलांवर पडली, आणि तो हात द्यायला पुढं झाला. मैनाला होडीत बसवताना आबांनी एका बाजूनं धरलं, काशीरामनं दुसऱ्या बाजूनं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

मावळतवाडीच्या काठावर सगळी वाडी जमली होती. आत्या दिसत नाही म्हणून दिवस कलल्यापासून शोधाशोध चालली होती. होडी लागताच सगळ्यांनी गराडा घातला. पलीकडे दुपारपासून कुणीतरी ताटकळतंय, हे काठावरून सगळ्यांनी बघितलं होतं. वाडीचे पंच पुढं आले.

"आत्या, दुपारभर त्यांनी तुम्हाला उन्हात बसवलं ना? पोरीलासुद्धा? बघा, आम्ही म्हणत होतो!"

आता नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. नुसती मान हलवली असती तरी वाडीनं तिला डोक्यावर घेतलं असतं. मैना घरी पोचली होती, आत्याचं काम झालं होतं, आणि तिची लाजही झाकली गेली असती. आत्यानं सगळ्यांकडे एकवार बघितलं.

"त्यांनी नाही बसवलं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तुम्ही बसवलंत. माझ्या ठरावानं बसवलंत. आणि तुमचा मला मुळीच राग आला नाही. म्हटलं, गातोय पोरगा, वारा आहे समोरून. आबांसाठी मात्र मला हा वारा कधी आठवला नाही. त्या सकाळी त्यांना माझी हाक पोचलीच नव्हती. मी वाडीला खोटं सांगितलं. मुद्दाम नाही, पण खोटंच."

मग गर्दीतून कुणीतरी बोललं, "एका गुळाच्या खड्यात फितवली की म्हातारीला!"

लोक हसले. ज्या लोकांनी आजवर तिच्या शब्दाला मान दिली, तेच हसले. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज चढला नाही. चढवायला उरलाच नव्हता.

"हो, गूळ दिला," ती म्हणाली. "आणि खाताना मीही मनात त्यांना नावंच ठेवली. तुमच्यात आणि माझ्यात तेवढ्यापुरता काही फरक नाही, बाबा. मला एवढंच सांगा, त्यांची होडी कधी वेळेवर आलीच नाही का?"

मग मागून एक बाई म्हणाली, "माझ्या सासऱ्यांना साप चावला तेव्हा आली होती. मांत्रिकाला घेऊन आबाच आले होते, भर पावसात." दुसऱ्या कुणाला आठवलं, की वादळात जाळी वाहून गेली तेव्हा उगवतवाडीच्या पोरांनी ती गोळा करून आणून दिली होती. एकेकाला एकेक आठवू लागलं. जुन्या ट्रंकेच्या तळाशी गेलेल्या वस्तूंसारखं एकेक वर येत होतं. पण काशीराम एका बाजूला खाली मान घालून उभा होता, आणि पंचांना ठराव मोडायचा धीर होईना.

एवढ्यात मैनानं आत्याचा हात घट्ट धरला. कळा सुरू झाल्या होत्या. "उद्या बघू," पंच म्हणाले, आणि गर्दी पांगली. होडीला पुन्हा साखळी घातली गेली.

पहाटे मैना बाळंत झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप होत्या. सुईण म्हणाली, "पलीकडे राहिली असती तर काही खरं नव्हतं." आत्यानं नातीला बघितलं, मैनाच्या कपाळावरून हात फिरवला, आणि काठाकडे निघाली. पलीकडे बाळाच्या बापाला, आजोबाला निरोप द्यायचा होता.

उजाडलं होतं. काठावर करवत घेऊन सुतार आला होता, पंच आले होते, निम्मी वाडी आली होती. पलीकडच्या काठावर एक माणूस बसलेला दिसत होता. आत्यानं हाक मारायला तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली. आवाज पार गेला होता. तिनं काशीरामकडे बघितलं.

काशीराम पुढं झाला. दोन्ही हात तोंडाशी धरले. "मुलगी झालीऽऽऽ होऽऽऽ!"

पलीकडचा माणूस हलला नाही. काशीरामनं पुन्हा हाक मारली, सगळा जीव ओतून. पलीकडून खोकल्याचा आवाज आला, अगदी स्पष्ट. माणूस मात्र जागचा हलला नाही.

"बघा," काशीराम वळून म्हणाला, "ऐकूनसुद्धा…"

आणि त्याचं वाक्य तिथंच राहिलं. त्याच्या सदऱ्याला वारा लागत होता. समोरून, डोंगराकडून. सगळी वाडी त्याच्याकडे बघत होती. सुतार करवत धरून उभा होता. आत्याला बोलता येत नव्हतं, आणि कदाचित ते बरंच झालं. ती बोलली असती तर त्यानं तिचं ऐकलं असतं. आता त्याला त्याचंच ऐकावं लागलं.

"मतलई आहे," काशीराम म्हणाला. "त्यांना काय कळणार?"

तो होडीकडे गेला आणि त्यानं साखळी सोडली. त्याला कुणी अडवलं नाही. पंचांनी दुसरीकडे बघितलं, सुतारानं करवत पिशवीत घातली. काशीराम एकटाच वल्हवत निघाला.

पलीकडे आबा बसले होते. पहाटेपासून ते तिथंच बसले होते, कानांत प्राण आणून. होडी येताना दिसली तेव्हा ते उठले, आणि ती काठाला लागायची वाट न बघता धोतरासकट गुडघाभर पाण्यात शिरले.

"काय झालं रे? हाक का नाही मारलीस?"

"मारली, आबा," काशीराम म्हणाला. "दोनदा मारली. मुलगी झाली."

आबांनी त्याचे ओले हात आपल्या हातांत धरले आणि काही वेळ सोडलेच नाहीत. मग दोघं मिळून वल्हवत परत आले, आणि वाटेत आबांनी विचारलं, की त्याला ते काल गात होता ते गाणं कुणी शिकवलं.

होडी पुढे कितीतरी वर्षं चालली. गेरूची रेघ पाण्यानं आपोआप गेली. भांडणं काही संपली नाहीत. माणसं आहेत तोवर ती व्हायचीच. पण कुणी तणतणत आलं, की आत्या त्याला म्हणायची, "बस. आता हेच तुझ्या सख्ख्या भावानं केलं असतं, तर तू काय म्हणाला असतास, तेवढं मला आधी सांग." तिचा आवाज पहिल्यासारखा कधीच झाला नाही. पण तो घोगरा आवाज दोन्ही वाड्यांत पोचायचा.

तात्पर्य: आपल्या माणसाची चूक झाली की आपल्याला वारा आठवतो, आणि परक्याची झाली की त्याचा स्वभाव. रागावण्याआधी तो वारा परक्यासाठीही आठवून बघावा. आणि तो आपण विसरलो होतो हे ज्याला चारचौघांत कबूल करता येतं, त्याच्याइतकं धाडसी माणूस दुसरं नाही.